कागदावर न मांडायची जागा

मासिकांना मी पाठवलेल्या मेलपैकी पहिल्या मेलला उत्तर आलं, तेव्हा तो मेल पाठवला होता हेच मी विसरलो होतो. अकरावीच्या वर्गात नदीचे टप्पे शिकवत होतो. खिशात फोन थरथरला. तास संपल्यावर व्हरांड्यात उभं राहून वाचलं. एकच ओळ होती : विषय चांगला आहे, पण आमचे वाचक सह्याद्रीत चालतात.

मला वाईट वाटलं नाही. कुणीतरी वाचलं, याचाच आनंद झाला. त्याच संध्याकाळी दुसऱ्या मासिकाला तोच मजकूर, थोडा फिरवून पाठवला.

मजकूर असा होता की, गोंदिया जिल्ह्यात नऊ दिवस पायी चालता येईल अशी एक सलग वाट आहे. ती कुणी आखलेली नाही. नागऱ्याच्या शिवमंदिरापासून निघायचं, तलावांच्या पाळींवरून, शेतांमधल्या गाडीवाटांच्या पांदणींतून, धानाच्या बांधांवरून दक्षिणेला यायचं, सडक अर्जुनीजवळ हायवे ओलांडायचा आणि मग जंगलाच्या कडेने देवरी करत छत्तीसगडच्या सीमेपर्यंत जायचं. या वाटेवर लेख आणि हाताने काढलेला नकाशा देण्याची माझी इच्छा आहे. आपला विश्वासू.

नकाशाचं वेड घरातलंच. माझे बाबा जमीन मोजणीच्या खात्यात साखळी धरायचे. नकाशा काढणारे साहेब सावलीत बसत आणि बाबा साखळीचं टोक घेऊन चिखलात उभे राहत. कागदावर त्यांचं नाव कधीच येत नसे. पण कुठलाही जुना नकाशा समोर ठेवला की ते बोट ठेवून सांगत, इथे बाभूळ होती, इथे साहेबांचा बूट रुतला होता. मी भूगोल घेतला तो त्यामुळेच. आणि आपल्या नावाचा एक नकाशा छापून यावा, असं मला फार वाटायचं. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

चालणं मात्र साखरेमुळे सुरू झालं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. गोंदियाच्या आमच्या घरापासून नागऱ्यापर्यंत मी सकाळी जायला लागलो. मग रविवारी त्याच्या पुढे. मग दिवाळीच्या सुटीत आणखी पुढे. आज जिथे थांबलो, तिथे पुढच्या सुटीत बसने जायचं आणि तिथून चालायला लागायचं. तीन हिवाळ्यांत वाटेचे तुकडे जुळत गेले. प्रत्येक तुकडा त्या त्या गावातल्या माणसांना ठाऊक होता, पण फक्त पुढच्या गावापर्यंत. त्यापलीकडे काय, असं विचारलं की म्हणायचे, "तिकडचं तिकडच्याले विचारा."

शेवटचा तुकडा देवरीच्या पुढचा, तो उन्हाळा लागता लागता चाललो. तिथे मी चुकलो.

मोहाच्या झाडांखाली एक बाई फुलं वेचत होती. साठी उलटलेली, डोईला पदर खोचलेला, हातात बांबूची टोपली. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "काही मोजाले आला का गा?"

"नाही मावशी. चालायला आलो."

"नुसता चालाले?"

"नुसता."

"कायले?"

"डॉक्टरनं सांगितलं. साखर आहे मला."

"त मंग घराजवर चाल ना," ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. मग तिने टोपली झाडाखाली ठेवली आणि मला वाट दाखवायला निघाली. मला वाटलं, हाकेच्या अंतरापर्यंत येईल. ती दुपारपर्यंत चालत राहिली. तिच्या लहानपणी सीमेपलीकडच्या बाजाराला लोक याच वाटेने जात. तिच्या दोन बहिणी याच वाटेने लग्न होऊन पलीकडे गेल्या. आता सडक झाली, बस झाली, त्यामुळे वाटेवर गवत आलं. पण तिच्या पायांना सगळं आठवत होतं. दगड आला की पाऊल आपोआप उजवीकडे पडायचं.

उतारावर एका जुन्या साजाच्या झाडाखाली झरा होता. पाणी फार नव्हतं, पण स्वच्छ. बाजूला तीन काळे दगड, त्यांच्यावर वाळलेली फुलं. तिने मला थोडं अलीकडेच थांबवलं.

"पानी पी. पन चप्पल इथं काढ."

मी चपला काढल्या. पाणी प्यायलो. तीही प्यायली. मग म्हणाली, "हे आमच्या कुळाचं ठिकान हाय. तू मास्तर हायेस, लिहितेस म्हनतेस. वाट लिही. हे नको लिहू. कागदावर मांडू नको."

"नाही मांडणार," मी म्हणालो.

माझ्या घरात देव नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हा घरातले टाक नदीत सोडले, असं बाबा सांगायचे. त्यामुळे दगडांना मी काही शब्द दिला नव्हता. शब्द तिला दिला होता. अर्धा दिवस माझ्यासाठी फुलं वेचायची टाकून चाललेल्या बाईला. उलट मला तो जास्त बांधणारा वाटला.

पण एक गोष्ट तिला सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. माझ्या खिशातला फोन सकाळपासून वाट नोंदवत होता. आणि झऱ्यावर पोचलो, तेव्हा तिने बोलायच्या आधीच, सवयीने मी त्यावर एक खूण टाकली होती. खुणेपाशी लिहिलं होतं : पाणी.

त्यानंतरचं दीड वर्ष मेल पाठवण्यात गेलं. एका संपादकांनी लिहिलं की विदर्भ म्हटलं की वाघ हवा. एकाने विचारलं, नक्षलवादाचा काही अनुभव आला का, आला असेल तर लगेच पाठवा. एका दिवाळी अंकाने होकार दिला आणि मग कळवलं की पानं जाहिरातींना लागली. मी प्रत्येक नकारानंतर मजकूर सुधारत होतो. आधी नऊ दिवस लिहायचो, मग 'महाराष्ट्राच्या पूर्व टोकाची अनोळखी पायवाट' असं लिहायला लागलो. बायको म्हणाली, "तुम्ही वर्गातल्या पोरांना इतक्या वेळा समजावून सांगत नाही."

मग पुण्याहून एका मासिकाच्या संपादक बाईंचा फोन आला. मेल नाही, फोन. आवाज तरुण होता. त्यांनी सगळं वाचलं होतं, अगदी पाळीवरच्या बगळ्यांसकट. "सर, हे आम्हाला हवंय," त्या म्हणाल्या. "नकाशासकट हवंय."

मी दोन महिने नकाशा काढला. कॉलेजातून आलं की जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचो, आणि घरातले ताटं मांडीवर घेऊन जेवायचे. तलाव निळ्या शाईने, पांदणी तुटक रेषेने, मुक्कामाची गावं छोट्या घराच्या चिन्हाने. देवरीच्या पुढे, त्या उताराशी, मी वाट मुद्दाम थोडी वळवली आणि आजूबाजूला नुसती झाडं काढली. स्कॅन करायला गोंदियाच्या बाजारात गेलो, तर दुकानदार कागद उलटसुलट बघत म्हणाला, "सर, इसमें तो मेरे मामा का गाँव भी है!" त्याने त्याच्या बायकोला आतून बोलावून दाखवलं. मला तेव्हा जे वाटलं, ते पुढे अंक हातात आला तेव्हासुद्धा वाटलं नाही.

बाईंना नकाशा आवडला. "फक्त अंतरं तपासायची आहेत, सर. तुमच्या फोनमधली वाटेची फाइल मिळेल का?"

मी थांबलो. फाइलमध्ये सगळंच होतं. त्यातला एक भाग कापून कसा पाठवायचा, हे मला येत नव्हतं. आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या मास्तरांना विचारायला हवं होतं, ते रजेवर होते. आणि उशीर केला तर अंक हातचा जाईल, अशी भीती होती. मी फाइल पाठवली. सोबत लिहिलं : देवरीच्या पुढच्या झऱ्याची जागा कृपया दाखवू नये, तसा मी शब्द दिला आहे. त्यांचं उत्तर दहा मिनिटांत आलं : नक्की सर, काळजी करू नका.

अंक पोस्टाने आला तेव्हा मी कॉलेजात होतो. बायकोने फोडला आणि फोन केला. "तुमचं नाव आलं ना हो! मोठ्या अक्षरात!" घरी आलो तेव्हा तिने पेढे आणून ठेवले होते. मी हातपाय धुऊन अंक उघडला. माझा नकाशा नव्हता. म्हणजे होता, पण त्यांनी तो कॉम्प्युटरवर नव्याने, फार देखणा काढला होता. झाडं हिरवीगार, वाट लाल. आणि देवरीच्या पुढे, माझी वळवलेली रेष सरळ झाली होती. तिथे एक निळा थेंब होता. थेंबापुढे लिहिलं होतं : पिण्याचं पाणी, तंबूसाठी उत्तम जागा.

खाली माझं नाव.

मी पेढा खाल्ला. बायको समोर उभी होती, तिला काही सांगता येईना. सांगितलं ते रात्रीचं जेवण झाल्यावर. तिने माझा फोन उचलून हातात दिला आणि म्हणाली, "त्या संपादक बाईंना फोन करा ना आत्ताच्या आत्ता."

संपादक बाई खरोखरच हादरल्या. त्यांनी सारवासारव केली नाही. त्यांच्या चित्रकाराला फाइलवर खूण दिसली आणि त्याला वाटलं, नकाशात घालायची राहून गेली. चालणाऱ्यांना पाणी कुठे, हे तर सांगायलाच हवं. "त्याने चांगल्या मनाने केलं, सर," त्या म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. तंबूचं वाक्य तर त्याने स्वतःच घातलं होतं, उपग्रहाच्या फोटोत सपाट जागा बघून. त्यांनी वेबसाइटवरचा नकाशा त्याच रात्री काढला. पुढच्या अंकात खुलासा देऊ म्हणाल्या.

खुलासा आला. चौकटीत, ठळक. ग्रामस्थांच्या भावना लक्षात घेऊन वाचकांनी अमुक गावाच्या उत्तरेकडील झऱ्यावर मुक्काम करू नये, ही विनंती. गावाचं नाव माझ्या लेखात कुठेच नव्हतं. ते आता छापून आलं होतं, दिशेसकट.

मी पुन्हा फोन केला नाही. काय सांगणार होतो? दुरुस्तीची दुरुस्ती करा?

दोन आठवड्यांत तो नकाशा मला माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर पाठवला. "सर, आपल्याकडे इतकं भारी काही आहे हे माहीतच नव्हतं!" त्याला तो कुठल्याशा ट्रेकिंगच्या ग्रुपवरून आला होता. मी त्याला लिहिलं, पुढे पाठवू नकोस. त्याने लिहिलं, सर, मी ऑलरेडी तीन ग्रुपवर टाकला.

हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मावशीच्या भावाचा मुलगा, चाळिशीतला, जंगल खात्यात मजुरीला जाणारा. मावशीला मी माझा नंबर लिहून दिला होता. त्याचा आवाज शांत होता.

"मास्तर, तुमची मानसं आली हायेत."

"माझी माणसं?"

"झऱ्यावर. तुमचा नकाशा घेऊन आली. या तुमी."

मी देवरीची बस पकडली. उतरून चालत निघालो. पहिल्यांदाच त्या वाटेवर मला धाप लागली. उतारावरून खाली बघितलं तर साजाच्या झाडाखाली नारिंगी तंबू होते. दहा-बारा जण असतील, नागपूरचे. मला वाटलं होतं दारूच्या बाटल्या असतील, गाणी असतील. तसं काही नव्हतं. त्यांनी कचऱ्यासाठी पिशवी बांधली होती. एक बाई दुर्बिणीतून पक्षी बघत होत्या. त्यांचे पुढारी एक निवृत्त बँक अधिकारी होते, पांढऱ्या मिशा, गळ्यात शिट्टी. मी नाव सांगितलं, तसे ते ओरडलेच, "अरे, बघा कोण आलंय! नकाशावाले सर!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीने घडी केलेला नकाशा पुढे केला, सही द्या म्हणाली. मी पेन हातात घेतला. आणि तेवढ्यात मला चूल दिसली.

तीन काळे दगड. मधे जाळ. वर चहाचं पातेलं.

मी बोट दाखवलं असावं. पुढारी वळून बघत म्हणाले, "काय झालं सर?" मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, पण दोन-तीन वाक्यांतच त्यांचा चेहरा उतरला.

"पण सर," ते अगदी हळू म्हणाले, "हा तुमचाच नकाशा आहे ना?"

"हो."

"त्यात तर लिहिलंय, तंबूसाठी उत्तम."

"हो."

खुलासा त्यांनी वाचलाच नव्हता. त्यांच्याकडे फक्त फोनवर आलेला नकाशा होता. त्यांनी धावत जाऊन पातेलं उतरवलं, लाकडं ओढली आणि घाईघाईने दगडांवर पाणी ओतलं. चर्र असा आवाज झाला, वाफ उठली, आणि एका दगडाला वरून खालपर्यंत तडा गेला. त्या गृहस्थांचे डोळे भरून आले. "कसे होते ते सांगा सर. जसे होते तसे ठेवतो आम्ही." मी दगडांकडे बघत राहिलो. कुठला मधे होता, कुठला कुठल्या तोंडाने होता, मला काहीही आठवत नव्हतं. मी एकदाच बघितले होते, आणि शब्द दिल्यामुळे त्यांचा फोटोसुद्धा काढला नव्हता.

वर उताराच्या कडेला गावातली सात-आठ माणसं उभी होती. त्यांच्यात मावशी होती. कुणी खाली आलं नाही, कुणी ओरडलं नाही. भाचा एकटाच खाली आला आणि म्हणाला, "राहू द्या साहेब. हात नका लावू आता. तुमी जा."

त्यांनी तासाभरात तंबू आवरले. जाताना प्रत्येकाने माझी माफी मागितली. माझी! मी प्रत्येकाला "नाही, नाही" म्हणत होतो. भाच्याला फोनमधल्या फाइलचं सगळं सांगितलं आणि वर बघितलं, तेव्हा कडेवर कुणी नव्हतं.

त्यानंतर महिनाभर मी गेलो नाही. गेलो असतो तर काय म्हणालो असतो, तेच जुळत नव्हतं. संपादक बाईंचा मेल आला : वाचकांचा प्रतिसाद खूप चांगला आहे, पूर्व विदर्भातल्या आणखी दोन वाटा सुचवाल का? मी तीनदा उत्तर लिहिलं. पहिलं रागाचं होतं, दुसरं समजुतीचं, तिसरं नुसतं 'नाही' असं. एकही पाठवलं नाही. दीड वर्ष ज्या उत्तरांची वाट बघितली, तसंच एक उत्तर मी कुणालातरी देत नव्हतो, हे कळत होतं. तरी बोट पुढे जात नव्हतं.

शेवटी एका रविवारी गेलो. मावशी अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. "ये गा," म्हणाली, आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं. सुनेने पाणी दिलं, चहा दिला. मी पाठ केलेलं सगळं विसरलो.

"मावशी, मी तिथे लिहिलं नव्हतं. पण माझ्याच फोनमधून गेलं."

"सांगतलन मले भाच्यानं."

"राग आला असेल माझा."

"राग कायचा गा. तू चोरला थोडी हायेस." तिने सूप खाली ठेवलं. "पन आता आमी ठिकान हलवलो. भुमकाले विचारून हलवलो. तीन दिवस लागले." भुमका म्हणजे त्यांच्या देवाचं सारं करणारा माणूस.

मी मान हलवली.

"कुठं, ते विचारू नको."

"नाही विचारत."

"तू सांगशीन म्हनून नाई, गा. तुझ्या हातून निसटते."

त्यात खोटं काहीच नव्हतं. तिने पुन्हा सूप उचललं. तांदळाचा कोंडा उडत होता आणि माझ्या पँटवर बसत होता. थोड्या वेळाने तिने विचारलं, साखर कशी हाय? मी म्हणालो, ठीक आहे. मग ती म्हणाली की नातीचं लग्न ठरलंय, फागुनात आहे. "तू ये. बायकोले घेऊन ये. पन सडकेनं ये. बसनं ये."

"बसनेच येईन," मी म्हणालो.

आम्ही गेलो. बायकोने नवरीसाठी साडी घेतली होती. मांडवात आम्हाला पुढे बसवलं, आग्रह करकरून जेवायला वाढलं. भाचा माझ्या शेजारी बसून धानाच्या भावाबद्दल बोलत होता. माझ्या नकाशाचं कुणीही नाव काढलं नाही. हात धुवायला मी मांडवाच्या मागे गेलो, तर तिथून जुनी वाट सुरू होत होती. तिच्या तोंडाशी बोरीच्या काट्या रचून ठेवल्या होत्या, पुरुषभर उंच, नीट दाबून बसवलेल्या. काट्यांवर धूळ नव्हती, म्हणजे त्या नुकत्याच रचल्या होत्या. मी तिकडे पाठ करून हात धुतले. मांडवातून बायको विचारत होती की बसची वेळ झाली का, आणि मी तिला झाली म्हणालो, अजून अर्धा तास असतानाही.